पहिली ते चौथीच्या पोरांना स्थानिक म्युझियममध्ये नेमकं काय द्यायचं

प्रश्न असा आलाय: "आमचं स्थानिक इतिहासाचं छोटं म्युझियम आहे, दोन-तीन खोल्या, काही शे वस्तू. आता शाळा विचारायला लागल्यात की प्राथमिकच्या मुलांसाठी काही प्रोग्राम आहे का. आमच्याकडे मोठ्यांची एक गाईडेड टूर आहे, तीच जरा सोपी करून सांगितली तर चालेल का?"

सरळ सांगते, नाही चालणार. मी वीसेक वर्षं हेच काम करतेय आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी अगदी हेच केलं, मोठ्यांच्या टूरमधले कठीण शब्द काढले, सनावळ्या निम्म्या केल्या, मध्ये मध्ये "काय मग मुलांनो, मजा येतेय ना?" असं घातलं आणि मला वाटलं झाला की मुलांचा प्रोग्राम. दहाव्या मिनिटाला पोरं खाली बसून बुटाच्या लेस सोडत-बांधत होती. फ्रीमन टिल्डनने अमेरिकेतल्या नॅशनल पार्क्समध्ये वारसा लोकांपर्यंत कसा पोचवायचा याची सहा तत्त्वं १९५७ मध्ये मांडली होती, त्यातलं सहावं नेमकं यावरच आहे: साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्यांचंच पाणी घालून पातळ केलेलं देऊ नका, त्यांच्यासाठी मुळापासून वेगळं काहीतरी लागतं. मला ते वाचायच्या आधी स्वतः आपटून कळलं.

मग वेगळं म्हणजे काय, तर माझ्या मते मुलांना गावाचा इतिहास सांगायचाच नाही, तो कशावरून कळतो हे त्यांना करू द्यायचं. "कशावरून?" हा एक शब्द मी एका प्रोग्राममध्ये चाळीसेक वेळा तरी वापरत असेन, आणि पोरं दुसऱ्या वस्तूपर्यंत तो एकमेकांना विचारायला लागतात, कधीकधी मलाही, आणि तेव्हा मला उत्तर येत नसलं तर फारच मजा येते त्यांना.

उदाहरण देते. माझी आवडती वस्तू म्हणजे कोळशाची इस्त्री. नाव सांगायचं नाही, लेबल झाकून ठेवायचं, टेबलावर मधोमध ठेवायची आणि पहिली दोन मिनिटं कोणी काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग काय दिसतं ते विचारायचं, लक्षात घ्या, "हे काय आहे" असं नाही विचारायचं, कारण ते विचारलं की परीक्षा सुरू होते आणि ज्याला माहीत आहे तो एकटा ओरडतो, बाकीचे गप्प. दिसतं काय? काळं आहे, जड वाटतंय, झाकण आहे, बाजूला भोकं आहेत, पुढे टोक आहे. कोणी म्हणतं बोट आहे. कशावरून? टोक आहे म्हणून. कोणी म्हणतं इंजिन आहे, भोकांतून धूर येणार. एकदा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, हे गरम होत असणार, कारण बाकी सगळं लोखंडाचं आणि फक्त हँडल लाकडाचं आहे. सात वर्षांची पोर! मी तिथे काहीही सांगितलं नव्हतं. हा पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, इतिहासकार यापेक्षा वेगळं काय करतात. इस्त्री आहे हे शेवटी मी सांगतेच, पण तोपर्यंत त्यांना ते ऐकायची भूक लागलेली असते, आणि मग पुढचे प्रश्न त्यांचेच येतात: कोळसा कोण आणायचं, कपड्यावर राख पडली तर, दिवसभर एवढं जड उचलून हात दुखत नसेल का, वीज इथे कधी आली.

चित्र किंवा फोटो असेल तर तयार तीन प्रश्न आहेत, फिलिप येनवाइन आणि ॲबिगेल हाउसेन यांनी व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज नावाची पद्धत बसवली त्यातले. ह्या चित्रात काय चाललंय? तुला असं कशामुळे वाटलं, काय दिसलं तुला? अजून काय सापडतंय? बस, एवढंच, आणि प्रत्येक मुलाने सांगितलेलं आपण बोटाने दाखवत आपल्या शब्दांत परत म्हणायचं. पद्धत मूळ कलेच्या म्युझियमची आहे त्यामुळे मी ती जशीच्या तशी वापरत नाही, कारण तिथे गाईडने माहिती सांगणं टाळतात आणि इतिहासात ते शेवटपर्यंत टाळता येत नाही. जुन्या फोटोतली माणसं खरी होती, त्यांचं खरंच काहीतरी झालेलं असतं, आणि पोरांनी रचलेली गोष्ट चुकीची असेल तर ती तशीच सोडून त्यांना घरी पाठवणं मला पटत नाही. म्हणून आधी त्यांचं बघणं, मग माझी माहिती, आणि मग परत एकदा फोटोकडे बघणं, ह्या क्रमाने.

आता किती वस्तू दाखवायच्या. इथे सगळे क्युरेटर माझ्यावर चिडतात. एका तासात फक्त पाच. सहावी आली की डोक्यावरून पाणी. "पण मग आमचं बाकीचं कलेक्शन?" ते तिथेच राहील, कुठे पळून जात नाही, मूल घरच्यांना घेऊन परत येईल तेव्हा बघेल. हे फक्त माझं मत नाही हां. अमेरिकेत आर्कान्सामध्ये क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम २०११ मध्ये उघडलं तेव्हा शाळांचे इतके अर्ज आले की नंबर लॉटरीने लावावे लागले, आणि तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ती संधी साधून ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा तेव्हा लागला नाही अशी तुलना केली, १२३ शाळा आणि जवळजवळ ११ हजार मुलं. टूर साधारण तासाभराची, त्यात बहुतेक वेळा पाचच चित्रं आणि त्यावर गप्पा. काही आठवड्यांनी मुलांना विचारलं तर जे आठवत होतं ते थक्क करणारं होतं. एका चित्रात मॅपलचं सिरप बनवताना लोक दाखवलेत, गुलामगिरीविरोधी लोक ते बनवायचे कारण उसाच्या साखरेमागे गुलामांचे कष्ट होते, तर ते चित्र पाहिलेल्यांपैकी ८८ टक्के मुलांना हे बरोबर सांगता आलं. पाठ करून घेतलेलं नव्हतं, परीक्षा येणारेय असंही कोणी सांगितलं नव्हतं. आणि खेड्यातल्या किंवा गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांवर परिणाम सगळ्यात जास्त दिसला, हे मुद्दाम सांगते, कारण ट्रिपला येण्यात त्याच शाळा सगळ्यात मागे असतात.

ट्रेझर हंटबद्दल विचाराल तर माझा एक जुना पराक्रम ऐका. वीस प्रश्नांची वर्कशीट बनवली होती, "तिसऱ्या खोलीतल्या घड्याळावर कोणतं वर्ष आहे", "बैठकीच्या खोलीतला दिवा कशाचा आहे" असले प्रश्न, रंगीत प्रिंट, पेन्सिली, सगळं झक्कास. पोरं सुसाट पळाली. अर्ध्या तासात सगळ्यांची शीट भरून तयार, बाई खूश, मी खूश. मग मी एका मुलाला विचारलं तो दिवा कसा होता रे, तर म्हणाला पितळेचा. अरे पण दिसत कसा होता? त्याने लेबल वाचलं होतं, दिवा बघितलाच नव्हता. त्यानंतर वर्कशीट बंद. कागद द्यायचाच तर कोरा द्या आणि एका वस्तूचं पाच मिनिटं चित्र काढू द्या, चित्र काढताना हात थांबला की डोळ्यांना परत वस्तूकडे जावंच लागतं. पेन्सिलच द्यायची, पेन नाही, शाईचा एक डाग कशावर पडला की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

सनावळ्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न येतोच. कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक ह्या दोघा अभ्यासकांनी अगदी शिशुवर्गापासून सहावीपर्यंतच्या मुलांना वेगवेगळ्या काळातली चित्रं क्रमाने लावायला सांगितली होती, १९९६ मध्ये ते छापून आलं. तर साधारण तिसरीच्या आधी वर्षाच्या आकड्याला मुलांच्या लेखी फारसा अर्थ नसतो, पण कपडे, गाड्या, घरं बघून आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे लहानांनाही बऱ्यापैकी कळतं. म्हणजे काळाची समज असते, आकड्याची नसते. म्हणून पहिली-दुसरीला मी सन सांगतच नाही. दोरी वापरते. एक वीत म्हणजे दहा वर्षं, पहिल्या वितीत तुम्ही सगळे मावता, सहा-सात वितींवर आजी, दहा वितींवर ही इस्त्री किंवा तो फोटो, आणि गाव जर तीनशे वर्षांचं असेल तर तीस विती, म्हणजे दोरी खोलीच्या बाहेर जाते, एका पोराला टोक धरून पार दारापर्यंत जावं लागतं आणि तिथून तो ओरडतो "मी इथे आहे!" सगळा वर्ग हसतो, पण अंतर डोक्यात बसतं. तिसरी-चौथीला त्याच दोरीवर चिमट्याने सन लावले तरी चालतात. दोरीला खर्च जवळपास शून्य आणि टचस्क्रीनपेक्षा जास्त टिकते (आमची टचस्क्रीन दीड वर्षात बंद पडली, दोरी तीच आहे).

आणि शोकेसच्या बाहेरही बघा. म्युझियमची इमारत जुनी असेल तर तिच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, तिथे पोरांना उभं करा, पायरी मध्येच का खोल झाली, कडेला का नाही? हे कळलं की ती रस्त्याने जाताना सगळ्या पायऱ्या बघत जातात. एकाच चौकाचा जुना फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून काय राहिलं, काय गेलं, काय नवीन आलं हे शोधायला लावा, हा स्थानिक म्युझियमचा हुकमी एक्का आहे, मोठ्या नॅशनल म्युझियमला हे जमत नाही कारण त्यांच्याकडे त्या मुलांचा रोजचा चौक नसतो.

एक जागा जिथे छोटी म्युझियमं नेहमी घसरतात, तिथे जरा थांबते. आपल्याकडच्या बऱ्याच वस्तू कुणाच्या असतात? ज्यांच्याकडे वस्तू होत्या आणि त्या ठेवायला जागा होती त्यांच्या. मोठ्या घरातला चांदीचा सेट असतो, तो घासणाऱ्या बाईचं काहीच नसतं. हे मुलांपासून लपवायचं कारण नाही, उलट त्यांना ते चटकन कळतं. मी विचारते, एवढी भांडी रोज कोण घासत असेल? तिची कुठली वस्तू ह्या खोलीत आहे का? एकदा एका मुलाने शोधून शोधून दाखवलं की ट्रेच्या मागच्या बाजूला नक्षी घासून घासून पुसट झालीय, तीच तिची खूण. मी तोच ट्रे कित्येक वर्षं दाखवत होते, मला कधी दिसलं नव्हतं. तसंच वर्गातली निम्मी मुलं बाहेरून आलेल्या कुटुंबांतली असतात, त्यांच्यापुढे सारखं "आपले पूर्वज, आपले पूर्वज" केलं की ती मनाने बाहेर जाऊन उभी राहतात. मी "इथे राहणारी माणसं" म्हणते. ह्याच कारणासाठी वंशवृक्ष काढून आणा हा गृहपाठही देत नाही, काही मुलांच्या घरी तो विषय दुखरा असतो आणि ते आपल्याला आधी माहीत नसतं.

वस्तू हातात द्यायच्या का? हो, पण नोंद असलेल्या कलेक्शनमधल्या नाही. हाताळायच्या वस्तूंचा वेगळा संच करा, वेगळं रजिस्टर, दुहेरी असलेल्या, साध्या, तुटल्या तर हळहळ होईल पण रडू येणार नाही अशा. आणि त्यात टाकण्याआधी प्रत्येक वस्तू नीट तपासा, कारण जुन्या वस्तू वाटतात तेवढ्या गरीब नसतात. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, पेंढा भरलेल्या जुन्या पक्षी-प्राण्यांवर आर्सेनिक, अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर रेडियम, उष्णता लागणाऱ्या जुन्या विजेच्या उपकरणांत ॲस्बेस्टॉस. शंका आली की वस्तू काचेत, पोरांच्या हातात नाही, यात तडजोड नको. पांढरे सुती ग्लोव्ह्ज फोटोत छान दिसतात पण मुलांच्या हातात ते सैल होतात आणि वस्तू निसटते, त्यापेक्षा हात धुवून कोरडे करणं बरं, धातू किंवा जुने फोटो असतील तर नायट्राइलचे (रबरासारखे, हाताला घट्ट बसणारे) ग्लोव्ह्ज घ्या. कापड आणि कागद ज्या खोलीत आहे तिथे उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवायचा असतो, म्हणजे मुलांना तिथे अंधारलेलं वाटतं, तर आत जायच्या आधी सांगा की कपड्यांना उजेडाने त्रास होतो म्हणून दिवे मंद आहेत, नाहीतर कोणीतरी भूत म्हणतं आणि मग संपलं.

ट्रिपच्या आधी शाळेला काय पाठवायचं याबद्दल माझं मत बदललंय. पूर्वी गावाच्या इतिहासाची चार पानं पाठवायचे, कोणी वाचत नसे. आता एक पान पाठवते ज्यात दरवाजाचा फोटो, टॉयलेट कुठे, डबा कुठे खायचा, किती वाजता काय, आणि "ह्यातल्या दोन वस्तू तुम्हाला हातात घ्यायला मिळतील". जॉन फॉक हा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या आसपास वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये येणाऱ्या वर्गांवर काम केलं होतं, त्यात हेच निघालं, ज्या मुलांना आधी असली साधी व्यवहाराची माहिती दिली ती जास्त शिकली. अनोळखी जागी मुलाचं निम्मं डोकं "शू लागली तर कुठे जायचं" ह्यातच अडकलेलं असतं, हो की नाही.

बाकी व्यवस्थेचं पटापट. एका ग्रुपला दहा-बारा मुलं, वर्ग मोठा असेल तर तीन तुकड्या आणि आळीपाळीने फिरणं. बॅगा बाहेर. तासाभरात निम्मा वेळ बसून-बघून, निम्मा हाताने काहीतरी करून. बरोबर आलेल्या बाई-सरांना काम द्या, नाहीतर ते मागे उभं राहून "शू... शू..." करत राहतात, मी त्यांना एका वस्तूची जबाबदारी देते आणि एक अट घालते, उत्तर सांगायचं नाही. आणि प्रोग्राम सुरू करायच्या आधी एकदा संध्याकाळी म्युझियम बंद झाल्यावर गुडघ्यांवर बसून सगळ्या खोल्यांमधून चक्कर मारा, लाज वाटू देऊ नका. आठ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्याही खाली असतात, तिथून निम्म्या शोकेसमध्ये फक्त दिव्याचा उजेड आणि स्वतःचा चेहरा दिसतो.

जुने कपडे घालून रोल प्ले करतात बऱ्याच ठिकाणी. काम करून बघायला माझी ना नाही, पाणी शेंदणं, कपडे घासणं, टाकाने लिहिणं, यातून शरीराला जे कळतं ते बोलून कळत नाही. पण दुःखाचं नाटक नको, म्हणजे दुष्काळ, युद्ध, गुलामी, हाकलून दिलेली माणसं, "आता तुम्ही निर्वासित आहात, रांगेत उभे राहा" असले खेळ. एक तर पोरांना त्यात गंमत वाटते आणि ते वाईट, किंवा एखाद्याला खरंच भीती वाटते आणि ते त्याहून वाईट. अशा वेळी एक खरी वस्तू आणि एका खऱ्या माणसाचं पत्र पुरतं.

उपयोग झाला की नाही हे हसऱ्या चेहऱ्यांच्या फीडबॅक फॉर्मवरून कळत नाही, पोरं वर्ग बुडाला म्हणूनही हसरा चेहरा देतात. शाळेची परवानगी घेऊन एका सेशनचं ऑडिओ रेकॉर्डिंग करा आणि मोजा, कोण किती बोललं. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा तासातली जवळजवळ पंचेचाळीस मिनिटं मीच बोलत होते, आणि मला वाटायचं मी फार ऐकून घेते. दुसरं म्हणजे तीन आठवड्यांनी बाईंना फोन करून विचारा, पोरं अजून कशाबद्दल बोलतायत. काहीच नाही म्हणाल्या तर ती वस्तू बदला. शाळेत परत गेल्यावर करायला मी एकच काम देते: घरातली कुठलीही एक वस्तू निवडा आणि तिचं लेबल लिहा, तीन ओळी, काय आहे, कोण वापरतं किंवा वापरायचं, आणि हे तुला कशावरून कळलं. तिसरी ओळ महत्त्वाची. नवीन वस्तू असली तरी चालते, एकाने टीव्हीच्या रिमोटचं लेबल लिहिलं होतं, "बाबा वापरतात, कारण आवाजाचं बटण झिजलंय".

ज्या शाळांना बसचं जमत नाही त्यांच्यासाठी पेटी करा. ही आयडिया नवीन नाही, अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये शाळांचं स्वतःचं म्युझियम १९०५ मध्ये निघालं आणि ते घोडागाडीतून वस्तू शाळाशाळांत पोचवायचं. तुमच्या पेटीत हाताळायच्या संचातल्या चार-पाच वस्तू, मोठे केलेले दोन फोटो, दोरी, आणि बाईंसाठी एकच पान ज्यावर माहिती कमी आणि प्रश्न जास्त. प्रत्येक वस्तूला फोममध्ये तिच्या आकाराचा खळगा कापा, रिकामा खळगा लगेच दिसतो, आणि झाकणाच्या आतून सगळ्यांचे फोटो चिकटवा. आम्ही आधी नुसती यादी ठेवायचो, तर एक कुलुपाची किल्ली हरवली, चार महिन्यांनी पाकिटातून परत आली, सोबत चिठ्ठी होती की दप्तराच्या तळाशी सापडली, सॉरी, पण आमच्या घरचं कुठलंच कुलूप हिने उघडत नाही, मी सगळी करून बघितली.